मेलेल्या सेलातली काळी पूड

मी काळी पूड बोलतेय. रेडिओच्या, टॉर्चच्या, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलात ठासून भरलेली असते ना, तीच मी. आजवर तुम्ही मला शेकडो वेळा घरात आणलं असेल आणि एकदाही माझं तोंड पाहिलं नसेल. माझी कीव करायला बसला असाल तर आत्ताच उठा. मी रडगाणं गायला आलेली नाही, भांडायला आलेय.

जन्माचं फार लांबण लावत नाही. खाणीतून निघाले, कारखान्यात दळले गेले, जस्ताच्या डबीत कोंबले गेले. मधोमध कोळशाची कांडी, वर टोपी, अंगावर लाल कागद. माझ्यात आणि जस्तात आतल्या आत जी देवघेव चालते, तिच्यावर तुमचा दिवा लागतो आणि तुमचा रेडिओ गातो. पुढे मी सुवा शहराच्या बंदरात उतरले, तिथून मालबोटीनं लाऊच्या बेटांकडे निघाले आणि वुनिनिऊ गावाच्या सहकारी दुकानात, मासळीच्या डब्यांशेजारी फळीवर जाऊन बसले.

मला घेतलं साकीउसानं. गावात लाँच एकच आणि ती चालवणारा माणूसही हा एकच. इंजिनाशी तो जेवढं गोड बोलतो तेवढं माझ्याशी कधी बोलला नाही, असं त्याची बायको म्हणायची, आणि तिचं चुकत नव्हतं. रेडिओ मात्र त्यानं रग्बीसाठी घेतला होता. सामना असला की अर्धं गाव त्याच्या अंगणात चटया टाकून बसायचं.

एकदा अंतिम सामना संपायला दोन मिनिटं उरली असताना माझा दम संपला. समालोचकाचा आवाज बारीक होत होत बंद पडला. अंगणातल्या तीसेक माणसांनी रेडिओकडे असं पाहिलं, जणू चेंडू मीच हातातून सोडला होता. साकीउसानं मला बाहेर काढलं, कंबरेच्या सुलूवर, म्हणजे लुंगीवर घासलं, दातांनी चावलं, उलटं घालून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर उन्हात ठेवलं. उन्हानं मी दहा मिनिटं बोलले, तर हा गडी सगळ्या गावाला सांगत सुटला. अकराव्या मिनिटाला त्यानं मला घरामागच्या खारफुटीत भिरकावून दिलं. माणसाचं प्रेम किती वेळ टिकतं याचं अचूक मोजमाप माझ्याकडे आहे.

खारफुटीत मी एकटी नव्हते. गावानं गेल्या वीस वर्षांत फेकलेले सगळे सेल तिथं चिखलात रुतून बसले होते. तिथं मी वाईट वागले, हे लपवत नाही. जस्ताची डबी कुजली, मी गळले, आजूबाजूचा चिखल काळा झाला. चिंबोऱ्या त्या जागेवरून लांबून जाऊ लागल्या. चिंबोऱ्या धरायला येणाऱ्या बायका नाक मुरडून म्हणायच्या की इथं काही राहिलं नाही. पण एक विचारते. मी तिथं स्वतःच्या पायांनी चालत गेले होते का? मला विष केलं ते फेकणाऱ्यानं, आणि नाव मात्र माझं बद्दू झालं.

आता तोरिकाचं सांगते, कारण तिच्याशिवाय माझी गोष्ट खारफुटीतच संपली असती. तोरिका साकीउसाच्या बहिणीची मुलगी. सुवाच्या विद्यापीठात प्रयोगशाळेत कामाला. हुद्दा लहान, काचेची भांडी धुणं, भट्टी सांभाळणं, नोंदी ठेवणं. पण त्या भट्टीची नस तिला जेवढी ठाऊक तेवढी तिथल्या मोठ्या साहेबांनाही नव्हती. वुनिनिऊ हे तिच्या आईचं गाव, म्हणजे तोरिका या गावाची वासू. बहिणीच्या लेकराला मामाच्या गावात वासू म्हणतात आणि वासूनं मागितलेलं नाकारायचं नसतं. डुक्कर मागो, होडी मागो, अंगाखालची चटई मागो. कुरकुर करायला मुभा आहे, नाही म्हणायला नाही.

नाताळच्या सुट्टीत ती रिकामी पोती घेऊन आली आणि वासूच्या हक्कानं तिनं मागितले काय, तर गावातले मेलेले सेल. गाव पोट धरून हसलं. लोकांनी घराघरातले सेल आणून दिले, आणि खारफुटीतले ती गुडघाभर चिखलात उतरून स्वतः वेचू लागली. साकीउसानं पायरीवर बसून विचारलं, "सुवात खायला मिळत नाही का गं?" तिनं मान वर न करता सांगितलं की मिळतं, पण मामानं फेकलेलं जास्त गोड लागतं.

ती हसत होती, तरी तिच्या मनात काय होतं ते मला पुढे कळलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या मामेबहिणीचे, लितियाचे, दिवस भरत आले होते. मोठ्या बेटावरच्या इस्पितळात जायचं तर लाँच हवी, लाँचला डिझेल हवं, आणि डिझेल आणणारी मालबोट तीन आठवडे आलीच नाही. लितियाला कळा सुरू झाल्या. साकीउसानं जिवाच्या आकांतानं इंजिनात नुसतं खोबरेल ओतलं. खोबरेल जाड. प्रवाळाच्या कडेबाहेर जाताच इंजिनाच्या नळ्या चोंदल्या आणि लाँच अर्धा दिवस लाटांवर तरंगत राहिली. मूल लाँचमध्येच जन्मलं, पण रडलं नाही. त्यानंतर साकीउसासमोर इंजिन आणि खोबरेल हे दोन शब्द एका वाक्यात कुणी बोलत नसे.

तोरिकानंही त्यावर कधी चर्चा केली नाही. ती फक्त सुवाला परतली आणि माझ्यामागे लागली.

प्रयोगशाळेत तिनं आम्हाला फोडलं, धुतलं, वाळवलं. चारशे सेलांमधल्या आम्ही साऱ्या एका परातीत आलो, तेव्हापासून मी 'मी' म्हणते ती सगळ्यांच्या वतीनं. कुजलेल्या जस्तालाही तिनं टाकलं नाही. माझा जुना जोडीदार माझ्यासोबतच भाजला गेला. वर शिंपल्यांचा चुना मिसळला आणि आम्हाला आठशे अंशांच्या भट्टीत घातलं. भाजणं काय असतं ते मला विचारा. आत गेले ती कुजकी घाण होते, बाहेर आले ती राखाडी, कोरडी, कडक पूड. आणि मला एक काम येऊ लागलं, जे सेलात असताना स्वप्नातही आलं नव्हतं.

काम असं. खोबरेल आणि मळीचं कोरडं स्पिरिट एका भांड्यात घातलं तर दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तासन्‌तास ढवळा, वेगळे ते वेगळेच. पण मला मधे टाका आणि ऊब द्या. मी खोबरेलाची गाठ सोडवते, स्पिरिटाला त्यात जागा करून देते, आणि दोघांमिळून एक पातळ, हलकं तेल होतं. ते इंजिनाच्या घशाखाली डिझेलसारखं उतरतं. तळाला थोडं गोडसर चिकट पाणी उरतं. आणि मी? मला कापडातून गाळून घेतलं की जशी गेले तशीच बाहेर येते, पुढच्या घाणीला तयार.

मोठ्या साहेबांना हे काही पटलं नाही. त्यांची खास उत्प्रेरकं परदेशातून सीलबंद बाटल्यांतून यायची. माझ्या डब्याकडे पाहून त्यांनी विचारलं होतं की हे उघडं का ठेवलंय, वास येतो. वर्षअखेरीला प्रयोग बंद होणार होता. मला पिवळ्या पिंपात भरून, वर इशाऱ्याचा कागद चिकटवून पुरायला धाडायचं ठरलंच होतं. तोरिकानं शेवटची एक परवानगी काढली. गावात एकदा करून बघते, म्हणाली. साहेबांना तिला वाटेला लावायचंच होतं, त्यांनी सही केली.

अशी मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसून वुनिनिऊला परत आले. सोबत स्पिरिटाचं एक पिंप. या गावात दारूला बंदी, त्यामुळे ते पिंप धक्क्यावर उतरताच चर्चचे कारभारी धावत आले. पिण्यालायक नाही असं तोरिकानं शपथेवर सांगूनही त्यांनी ते चर्चच्या कोठीत कुलूपबंद करून किल्ली कंबरेला लावली. त्यांचा विश्वास नव्हता, तो गावावर की पिंपावर, ते मला आजही उमगलेलं नाही.

लितियाला पुन्हा दिवस गेले होते, तेव्हा आठवा महिना लागला होता.

सभा भरली. तोरिका उभी राहिली आणि घाबरून पुस्तकातलं बोलू लागली. उत्प्रेरक, अभिक्रिया, पृष्ठभाग. म्हातारी मंडळी माना डोलवत होती, म्हणजे त्यांना काही कळत नव्हतं. शेवटी लितियाच पोट सावरत म्हणाली, "अगं तोरे, जीभ कशाला मोडून घेतेस? खोबरेल म्हणजे सरदार, जागचं हलत नाही. स्पिरिट म्हणजे गावातली पोरं, एका जागी ठरत नाहीत. त्यांचं आपापसात जमत नाही, म्हणून मधे ही उभी राहते. म्हणजे आपला मातानिवानुआच की."

सभा हसली, पण साऱ्यांना एका क्षणात कळलं. या बेटांवर सरदाराशी कुणी थेट बोलत नाही. मधे मातानिवानुआ असतो. इकडचं म्हणणं तिकडे, तिकडचं इकडे, जुळवून, मऊ करून नेतो. दोन्हीकडचा समेट होतो, आणि हा जसा आला तसा आपल्या जागी जाऊन बसतो. मला आजवर कुणी इतकं नेमकं ओळखलं नव्हतं. ज्यांची आयुष्यं पुस्तकांत गेली त्यांनीही नाही.

एकाच माणसाला हे रुचतंय की नाही ते कळेना. गावाचा खरा मातानिवानुआ, नेमानी. वय सत्तरीच्या पुढं, कोरडा विनोद करायची सवय आणि चेहरा हलू द्यायचा नाही हा बाणा. तो उठला, माझ्या डब्याजवळ आला, आत वाकून बघितलं. म्हणाला, "चाळीस वर्षं मी हे काम करतोय. बिस्किटांच्या डब्यात बसून करता येतं हे मला कुणी सांगितलं नाही." मग आपल्या जागी जाऊन बसला. त्याला राग आला की मान वाटला, लोक दोन दिवस त्यावर वाद घालत होते.

घोडं अडलं ते साकीउसापाशी. तोरिकानं वासूच्या हक्कानं लाँच मागितली, तेव्हा तो उठून उभा राहिला.

"लाँच घे," तो म्हणाला. "इंजिन घे. माझं घर हवं तर तेही घे, वासू आहेस. पण लितिया माझी मुलगी आहे, ती कुणाला मागून मिळत नाही. ती त्या लाँचमध्ये बसेल तेव्हा आत डिझेलच असेल."

त्याच्याकडे डिझेलचा एकच डबा होता, वीस लिटरचा, आणि जाण्यापुरतं चाळीस तरी लागायचं. मालबोट चार दिवसांत येणार अशी बातमी होती. तोरिका खोबरं किती लागेल ते मोजत बसली. पण मी त्या दिवशी डब्यात बसून फणफणले. मान्य की त्याचं दुःख मोठं होतं. पण चुकलं होतं नुसतं खोबरेल, आणि शिक्षा मला का?

तोरिकानं तरी तयारी केली. बायकांनी खोबरं किसून, पिळून, आटवून तेल दिलं. गरम पाण्यात बसवलेलं झाकणाचं पिंप, त्याला हातानं फिरवायचा दांडा. कारभाऱ्यांनी कुलूप काढून अर्धं स्पिरिट मोजून दिलं आणि मागे उभं राहून पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत टाकायचं ठरलं.

आणि त्या सकाळी, तोरिका यायच्या आधी, नेमानी आला. स्वच्छ सुलू नेसून, हातात बिलो घेऊन. बिलो म्हणजे नारळाच्या करवंटीची वाटी, आणि तीत काठोकाठ यांगोना. मुळी कुटून पाण्यात कोळलेलं हे पेय या बेटांवर मानाशिवाय दिलं जात नाही आणि मानाशिवाय घेतलं जात नाही. त्यानं माझ्या डब्याचं झाकण उघडलं, समोर मांडी घातली, एकदा टाळी वाजवली. मग मला अगदी रीतसर सांगितलं, "मातानिवानुआला यांगोना न देता बोलायला लावलं, असं या गावात कधी घडलं नाही. माझ्या हयातीत घडणारही नाही." आणि ती अख्खी वाटी त्यानं माझ्यावर ओतली. तीन टाळ्या वाजवल्या आणि समाधानानं निघून गेला.

पानाचा डबा बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, कोरड्या कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की काय होतं. मी फसफसले, तापले, फुगले आणि लिबलिबीत होऊन बसले. माझी सगळी धार एका वाटीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मान दिला होता, आणि त्याच मानानं माझा घात केला. ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

तोरिकानं मला आत टाकलं. डब्याच्या तळाला मी जरा ओलसर वाटले असेन तिला, पण सकाळच्या दमट हवेनं असेल असं समजून तिनं दुर्लक्ष केलं. दुपारी झाकण उघडलं तर आत तेल नाही, पिवळट, चिकट, फेसाळ लगदा. साबण झाला होता. तोरिका दांड्याला धरून उभीच राहिली. बायकांनी लगदा हातावर घेऊन पाहिला आणि कपडे धुवायला झकास आहे म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं, पण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. साकीउसा लांबून बघत होता. तो पुढे आला नाही. मला त्याचं ते लांबून बघणंच जास्त लागलं.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर नेमानी स्वतःहून तोरिकाकडे आला. सगळं ऐकून आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं होतं. त्यानं आडपडदा न ठेवता कबूल केलं. तोरिका आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग रडता रडता हसायला लागली. "आजोबा, मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाली. तो म्हणाला की मातानिवानुआला यांगोना द्यायची तर कुणाला विचारायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणि त्याच संध्याकाळी गावातल्या नर्सच्या रेडिओफोनवर दोन बातम्या आल्या. मालबोटीचं यंत्र मोडलं होतं, अजून बारा दिवस ती निघणार नव्हती. दुसरी बातमी नर्सनं स्वतःच दिली. लितियाचे पाय सुजले होते, रक्तदाब चढत होता. बारा दिवस थांबता येणार नाही, तीन दिवसांत तिला इस्पितळात पोचवा, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं.

साकीउसा त्या दिवशी जेवला नाही. सकाळी उठून तो तोरिकाकडे आला आणि दारातच उभा राहिला.

"तुझ्या त्या पुडीचं काही होईल का?"

तोरिकानं सांगितलं की होईल. लगद्यातून धुऊन काढून, पाणी उडून जाईपर्यंत, दगड लालभडक होईपर्यंत तिला पुन्हा भाजलं तर ती पहिल्यासारखी होईल. पण भट्टी सुवाला आहे. लोवोच्या खड्ड्यात दालोचे कंद आणि डुक्कर शिजतं, तेवढ्या आचेनं हे होणार नाही.

साकीउसानं चर्चकडे बोट केलं. मग म्हणाला, "चर्चच्या भिंती कशानं बांधल्यात माहीत आहे का तुला? माझ्या बापानं प्रवाळ भाजून चुना केला. इथंच, किनाऱ्यावर. दोन दिवस आग विझू दिली नाही. लाकडं कशी रचायची ते माझ्या हातांना अजून माहीत आहे."

खरं सांगू? मला तो क्षण फार आवडला. तो माझ्यासाठी उठला नव्हता, मुलीसाठी उठला होता. पण उठला.

सगळं गाव लागलं. माणसांनी खड्डा खणला. खाली नारळाच्या करवंट्या, वर लोखंडासारखं कठीण लाकूड, त्यावर प्रवाळ, पुन्हा करवंट्या. साकीउसानं एका जुन्या पंपाचं बिडाचं पोट आणलं, त्यात मला भरलं, झाकण मातीनं लिंपलं आणि मधोमध ठेवलं. वाऱ्याच्या बाजूनं त्यानं भोक ठेवलं होतं. वारा आत शिरला की खड्डा घुमायचा. नेमानी लाकडं टाकायला हट्टानं बसला. धुरानं डोळे लाल झाले तरी उठला नाही. लोकांनी समजावलं, तर म्हणाला की मी तिला पाणी पाजलं, ते मीच उतरवीन. आतमध्ये मी पुन्हा भाजले गेले. आणि हे मी फुशारकीनं सांगते की सुवातल्या विजेच्या भट्टीपेक्षा ही आग जास्त कडक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिडाचं झाकण फोडलं. मी कोरडी, राखाडी, खडखडीत होते. तोरिकानं मला हातात घेतलं नाही, फक्त पाहिलं आणि मान हलवली. उरलेलं स्पिरिट, बायकांचं नवं तेल, गरम पाण्यातलं पिंप. या खेपेला साकीउसा दांड्यावर होता आणि कोणालाही हात लावू देत नव्हता. चार तास तो फिरवत राहिला. चार तास मी खोबरेलाशी आणि स्पिरिटाशी भांडले, समजूत घातली, पुन्हा भांडले. ही शेवटची संधी होती, उरलेलं सगळं स्पिरिट यातच होतं. झाकण उघडलं तेव्हा वर पिवळं, पातळ, आरपार दिसणारं तेल होतं आणि तळाला चिकट पाणी.

साकीउसानं दोन बोटांवर ते घेऊन पाहिलं, हुंगलं, पाण्यानं वरचेवर धुऊन, निवळून, दोनदा गाळून घेतलं. मग धक्क्याला बांधलेल्या लाँचमध्ये डिझेल आधी बाजूला काढून नुसतं हेच तेल घातलं. इंजिन एकदा खोकलं आणि चालू झालं. एक तास त्यानं ते तसंच चालू ठेवलं, कान लावून बसला. गावभर खोबरेलात काही तळल्याचा वास पसरला. एका तासानं त्यानं इंजिन बंद केलं आणि लितियाला आणा म्हणाला.

लितिया निघाली, सोबत तोरिका आणि नर्स. डिझेलचा डबा साकीउसानं जवळ ठेवला, लागलं तर म्हणून. मी अर्थात मागेच राहिले. माझं हेच नशीब आहे. ज्यांची गाठ मी घालते ते निघून जातात आणि मी कापडात मागे उरते. नेमानी माझा डबा मांडीवर घेऊन धक्क्यावर बसला. लाँच प्रवाळाच्या कडेपाशी पोचली, जिथे मागच्या वेळी ती बंद पडली होती. नेमानीची बोटं डब्यावर घट्ट झाली. आवाज थांबला नाही. लाँच कडेबाहेर गेली, लहान झाली, दिसेनाशी झाली, आणि आवाज मग बराच वेळ येत राहिला. तो येईनासा झाल्यावरही नेमानी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी रेडिओफोनवर साकीउसा आला. इंजिन धडधाकट आहे, नळ्या स्वच्छ आहेत, डिझेलच्या डब्याचं झाकणही उघडलं नाही, हे त्यानं आधी सांगितलं. बाळाचं त्यानं नंतर सांगितलं. मुलगी झाली, म्हणाला. रडतेय. ऐका म्हणून त्यानं फोन तिच्या तोंडापाशी धरला आणि नर्सच्या खोलीबाहेर उभ्या अर्ध्या गावानं ते रडणं ऐकलं. चर्चच्या कारभाऱ्यांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले.

याला आता सात महिने झाले. मालबोटीनं आलेल्या स्पिरिटावर मी अकरा घाण्या पार पाडल्यात. दर तीन-चार खेपांनी धार बोथट होते, की साकीउसा खड्डा पेटवतो. मी अमर नाही, तसा दावाही करत नाही. एक दिवस कितीही भाजलं तरी उठणार नाही. तो दिवस आला की मीच कळवीन. तोवर दुसऱ्या कुणी माझ्या वतीनं ते ठरवू नये. आणि तुम्ही, हे वाचणारे, तुमच्या टेबलाच्या खणात जे चार-पाच सेल वर्षभर लोळत पडलेत, त्यांच्याकडे एकदा नीट बघा. आमच्यावर दया नको. आम्हाला काम द्या.

गेल्या आठवड्यात सुवाहून कार्यालयाचं पत्र आलं. प्रयोग बंद झाल्याचं कळवलं होतं. वापरून निकामी झालेला माल नियमाप्रमाणे पुरण्यासाठी परत पाठवावा, असं लिहिलं होतं. तोरिका सुट्टीवर आलेली होती. ती पत्र घेऊन नेमानीकडे गेली, कारण गावाच्या वतीनं बोलायचं ते त्यानंच. त्यानं पत्र तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि उत्तर सांगितलं. तिनं ते शब्दशः उतरवलं.

"माननीय कार्यालयास वुनिनिऊ गावाचा आदरपूर्वक नमस्कार. आपण मागितलेला निकामी माल आम्ही घरोघर शोधला. किनाऱ्यावर शोधला, खारफुटीतही शोधला. तसलं काही गावात सापडलं नाही. आपल्या कामात यश चिंतितो."

खाली त्यानं स्वतःची सही केली, नेमानी, मातानिवानुआ. मग शेजारी तेवढीच जागा सोडायला लावली, तिथं पुन्हा एकदा 'मातानिवानुआ' लिहायला लावलं, आणि अंगठा तेलात बुडवून, माझ्यात दाबून, त्यावर माझा ठसा उमटवला.